आज टॅरोचा पहिला दिवस

आज नवशिक्यांना टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्नाचा विचार करण्याची पद्धत, दाखवताना बहुतेकांच्या हातून एकच चूक झाली: पत्ता उलटला की लगेच अर्थाचं पुस्तक उघडायचं. पुस्तक आधी उघडलं की चित्र दिसतच नाही.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. २२ मेजर म्हणजे मुख्य पत्ते, बाकी ५६ छोटे पत्ते चार रंगांचे, प्रत्येकी १४. सुरुवातीला १९०९ चा रायडर-वेट कॅट घ्या. पामेला कोलमन स्मिथ यांनी छोट्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवलेत, म्हणून पाठांतराशिवाय वाचता येतात.

उदाहरणार्थ, फाइव्ह ऑफ कप्स, म्हणजे पेल्यांच्या रंगातली पंजी. काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा, समोर तीन पेले सांडलेले. मागे दोन अजून उभे आहेत, आणि नदीवर पूलही आहे. आज जवळजवळ सगळ्यांना ते दोन पेले सर्वात शेवटी दिसले. तुमची नजर आधी कुठे गेली, तेच वहीत लिहायचं.

पत्ते नेहमीच्या पत्त्यांपेक्षा मोठे असतात. हातात पिसताना कडा दुमडतात. टेबलावर पसरून कालवा. रोज एकच पत्ता, दोन मिनिटं निरखायचा, तारीख घालून तीन ओळी लिहायच्या, पुस्तक त्यानंतर. उलटे, म्हणजे चित्राचं डोकं खाली आलेले पत्ते पहिला महिनाभर सरळच करून घ्या.

प्रश्न नीट हवा. ‘नोकरी लागेल का?’ याचं उत्तर पत्त्यात नाही. ‘या मुलाखतीत मला नेमकी कशाची धास्ती आहे?’ असं विचारा. आणि पत्ता आवडला नाही म्हणून दुसरा काढू नका. नकोसा वाटला, त्याच्याबद्दलच लिहिण्यासारखं जास्त असतं.