जुन्या इंधन-डेपोच्या जागेवर मातीचे नमुने: वृत्तांत आणि सूचना

बंद पडलेल्या इंधन-डेपोच्या जागेवरून मातीचे नमुने घेऊन नुकतेच परतलो. निघण्यापूर्वी प्रयोगशाळेकडून बाटल्या मागवल्या आणि प्रत्येक तपासणीची मुदत लिहून घेतली, कारण ही मुदत नमुना जमिनीतून काढल्यापासून मोजली जाते. बहुतेक धातूंसाठी सहा महिने मिळतात, पाऱ्यासाठी २८ दिवस. बेन्झीनसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांचा नमुना जतनद्रव्य न घालता हवाबंद नळीत घेतला, तर अनेक पद्धतींत जेमतेम ४८ तास हाती असतात.

कामाला सुरुवात स्वच्छ बाजूने केली आणि तेलाचे डाग शेवटी ठेवले. प्रत्येक ठिकाणी हातमोजे बदलले, स्टीलचे खुरपे साबणाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळले. उडनशील घटकांचा नमुना सर्वांत आधी आणि न कालवता घ्यावा. माती घमेल्यात कालवली की जे मोजायचे तेच हवेत जाते. धातूंसाठी मात्र खडे व मुळे काढून माती एकजीव करणेच योग्य. झाकण लावण्यापूर्वी बरणीच्या आट्यांत अडकलेले कण पुसावेत, नाहीतर झाकण घट्ट बसत नाही.

खणण्यापेक्षा लिहिण्यात अधिक वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. नमुना क्रमांक, खोली, अक्षांश-रेखांश, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही यांपैकी काहीही ‘नंतर भरू’ म्हणून सोडू नये. लेबलावरची वेळ ताबा-नोंदीच्या फॉर्मशी (नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद) मिनिटापर्यंत जुळली नाही, तर अहवालावर शंका घेण्यास ते पुरेसे ठरते. लेबल न पुसणाऱ्या शाईने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, कारण बर्फपेटीत सुटणारे पाणी कागदाचा लगदा करते.

पेटीत जेल-पॅकपेक्षा दुहेरी पिशवीत बांधलेला खरा बर्फ भरवशाचा. आतले तापमान ०° ते ६° सेल्सियस राहायला हवे. तापमान तपासण्यासाठी पाण्याची एक बाटली आणि प्रयोगशाळेने दिलेला कोरा प्रवास-नमुनाही (वाटेत दूषण शिरले का हे कळण्यासाठी न उघडता नेलेला स्वच्छ नमुना) सोबत ठेवला. भरलेला फॉर्म झिप-पिशवीत घालून झाकणाला आतून चिकटवला आणि पेटीवर सही केलेले सील लावले. पेटीत जतनद्रव्य म्हणून वापरलेले मिथेनॉल किंवा कोरडा बर्फ असल्यास कुरियरला आधीच सांगावे लागते. माती परदेशी पाठवताना त्या देशाच्या वनस्पती-संगरोध विभागाचा परवाना लागू शकतो, तेव्हा तो आधीच पाहावा. आठवड्याच्या सुट्टीच्या तोंडावर पेटी पाठवू नये. ती पोहोचल्यावर फोन करून उघडतानाचे तापमान आणि मिळालेल्या बरण्यांची यादी विचारून घ्यावी.