कापडी हुडाची जिप्सी, बारा महिने

गाडी दारात उभी राहिली तेव्हा आईने दोनच प्रश्न विचारले. पावसाळ्यात काय करशील, आणि मे महिन्यात कसा बसशील? १९९८ ची जिप्सी किंग, कार्बोरेटरवालं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, वर कापडी हूड, एसी नाही. माझं काम सोलर पंपांच्या देखभालीचं. नंदुरबारहून निघायचं, तापी ओलांडून तळोदा, अक्कलकुवा, पुढे देवगोई घाट चढून मोलगी आणि तिथून पाड्यांपर्यंत. दुसरी गाडी नाही, त्यामुळे ऊन असो, पाऊस असो, हीच. सात वर्षं झाली. वर पत्र्याचं टप बसवून घे, असं सांगणारे अजूनही भेटतात. मी बसवलं नाही, आणि बसवणारही नाही.

पहिल्याच जूनमध्ये घाटाच्या मध्यावर पाणी आत आलं. डाव्या खांद्यावर थेंब, मग मांडीवर धार. मागे ठेवलेलं पंपाच्या कंट्रोलरचं कार्ड भिजून वाया गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच हूड शिवणाऱ्या कुशनवाल्याकडे गेलो. वयस्कर माणूस, सगळे त्यांना काका म्हणतात. माझं म्हणणं असं, की कापड जुनं झालंय, नवं टाका. काकांनी मला आत बसवलं, स्टुलावर चढले आणि तांब्याने शिवणीवरून हळूहळू पाणी सोडू लागले. ‘‘वर देख,’’ म्हणाले. सुईच्या एकेका भोकाशी आधी ओलसर ठिपका उमटायचा, मग तो फुगायचा, आणि मग खाली पडायचा. मधलं कापड मात्र कोरडंच.

‘‘कापड नई गळस भाऊ, शिवन गळस.’’

आधीच्या मालकाने नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घेतलं होतं. नायलॉन मजबूत खरा, पण तो भिजून फुगत नाही, त्यामुळे सुईची भोकं उघडीच राहतात. सुती दोरा पाणी पिऊन फुगतो आणि स्वतःचं भोक स्वतःच बुजवतो. काकांनी सगळ्या शिवणी उसवल्या, जाड सुती दोऱ्याला मेण चोळलं आणि पाणी अडकणार नाही अशी उताराच्या बाजूने दुहेरी दुमड घेऊन पुन्हा शिवलं. टपावरचा एक पट्टा अगदीच विरला होता, तेवढाच नवीन कॅनव्हासचा घातला. रेक्झिन स्वस्त पडेल का विचारलं, तर त्यांनी मान हलवली. रेक्झिन पाणी अडवतं, पण आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं, आणि आत घुसमटायला होतं ते वेगळंच. नवं कॅनव्हास पावसाआधी सांगाड्यावर ताणूनच दोन-तीनदा भिजवून वाळवायचं, म्हणजे वीण घट्ट बसते, हेही त्यांनीच शिकवलं. आणि एक तंबी दिली: ओलं हूड कधीही गुंडाळायचं नाही. एका रात्रीत काही होत नाही, पण आठवडाभर तसंच राहिलं तर काळी बुरशी धरते आणि कापड कुजतं.

मी स्वतः एवढंच केलं, की खालचं कार्पेट काढून फेकलं. त्याच्याखाली ओल धरून पत्रा गंजायला लागला होता. फ्लोअरची रबरी बुचं काढून साफ केली. आता चिखल झाला की बादलीभर पाणी ओततो आणि बुचं काढतो, सगळं खाली निघून जातं.

पावसात मी काचा चार बोटं उघड्या ठेवतो. थोडं भिजायला होतं, पण देवगोई घाटात दरडी येतात, आणि दरड दिसण्याआधी ऐकू येते. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये वळणाच्या अलीकडे बारीक खडे घरंगळल्याचा आवाज आला, कढईत चुरमुरे टाकल्यासारखा. मी थांबलो, हळूहळू मागे घेतली. थोड्याच वेळात माती आणि दोन मोठे धोंडे रस्त्यावर आले. काचा बंद करून, एसी लावून बसलो असतो, तर तो आवाज मला आला नसता, याची मला खात्री आहे.

उन्हाळ्याबद्दल लोकांना वाटतं की हूड काढलं की वारा लागेल. ४४ अंशांत तो वारा भट्टीचा असतो. हूड वर हवंच, सावलीसाठी. फक्त मागचा पडदा गुंडाळायचा, म्हणजे गरम हवा निघून जाते. डोक्याला ओला बागायती रुमाल, पहाटे पाचला निघणं, दुपारी झाडाखाली मुक्काम. टायरची हवाही पहाटे गार असतानाच तपासायची. दुपारी प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून हवा काढली, तर गार झाल्यावर टायर मऊ पडतो. या कार्बोरेटरच्या गाडीला आणखी एक दुखणं आहे. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेलं, की इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं, बस. उगाच सेल्फ मारून बॅटरी संपवायची नाही.

मार्चअखेरीस मात्र संध्याकाळी हूड पूर्ण उघडतो. मोलगीकडून उतरताना मोहाच्या फुलांचा वास अंगावर येतो, त्यासाठी एवढा खटाटोप करावा इतका तो गोड असतो. उलट जानेवारीत नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथाऱ्या आल्या की सगळं बंद. लाल मिरची मैदानभर वाळत असते, आणि वारा तुमच्या दिशेने असला तर डोळे उघडता येत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक माझ्याकडून थंडीत झाली. डाबला रात्री मुक्काम होता. अक्कलकुवा तालुक्यातलं हे गाव उंचावर आहे, तिथे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. सकाळी हुडावर पांढरा थर, कापड पापडासारखं कडक. मला निघायची घाई. चोक ओढून इंजिन लावलं आणि मागची प्लास्टिकची काच गुंडाळायला गेलो. कट्‌ असा आवाज, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चीर.

रात्री भाच्याचा कॅनडाहून फोन आला तेव्हा सांगितलं. कॅलगरीत त्याच्या शेजारी मॅझ्दाची पहिल्या पिढीची मियाटा आहे, कापडी हुडाची, आणि तो माणूस ती बर्फातही चालवतो. भाचा म्हणाला, ‘‘मामा, गार पडलेलं प्लास्टिक दुमडायचंच नसतं. ते इथे थंडीत हूड उघडतच नाहीत. बर्फ मऊ ब्रशने झाडतात, चारही टायर हिवाळ्याचे घालतात.’’ साध्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं, म्हणून तिकडे टायर बदलावे लागतात. आपल्याला त्याची गरज नाही, पण प्लास्टिकचा नियम डाबला आणि कॅलगरीला एकच.

काकांनी नवी काच शिवून दिली, अर्थात मेणाच्या दोऱ्याने. गेल्या जानेवारीत पुन्हा डाबला होतो. पुन्हा तोच पांढरा थर. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते आजोबा शेकोटीपाशी म्हणाले, ‘‘बसा, ऊन येऊ द्या.’’ मी बसलो. कोरा चहा झाला, दुसरा झाला. साडेआठच्या सुमारास ऊन डोंगरावरून खाली सरकत गाडीपर्यंत आलं. हुडाच्या कडेवरून थेंब पडायला लागले. काचेला हात लावून पाहिला, मऊ झाली होती. मग एकेक टिचबटण उघडलं.