आमची वाटचाल: कार्डांची पेटी आणि चार आठवड्यांचं बिल

कारखान्यांना, गोदामांना तात्पुरती माणसं पुरवण्याचा आमचा धंदा. त्याची वाटचाल दोन पानांत लिहा आणि कुणाबद्दल वाकडं लिहू नका, असं मुलीने बजावलंय. हल्ली कारभार तीच बघते, त्यामुळे ऐकावं लागतं. पण पंचवीस वर्षांतल्या त्या चौदा महिन्यांबद्दल सरळ कसं लिहायचं, ते तिनेच एकदा सांगावं.

सुरुवात भाऊंपासून, म्हणजे माझ्या भागीदारापासून. भाऊ कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते, मी त्याच कारखान्यात पर्सोनेलला कारकून. हंगामात माणसं कमी पडली की सुपरवायझर आधी भाऊंकडे यायचा आणि मग आमच्या साहेबांकडे, कारण कोण वेळेवर येतो, कोण सोमवारी हमखास दांडी मारतो, कुणाला यंत्रावर उभं करायचं आणि कुणाला चुकूनही नाही, हे भाऊंना तोंडपाठ होतं. एक दिवस मी म्हटलं, भाऊ, हे तुम्ही फुकट का सांगता?

मग दोघांनी धंदा काढला. एक टेबल, एक फोन आणि एक पत्र्याची पेटी, एवढंच भांडवल. पेटी वाचनालयाच्या भंगारातली, आत पुस्तकांच्या नोंदीची कार्डं ठेवायची लांबट खणं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. पुढच्या बाजूला मी शाईने नाव, काम, अनुभव, कोणती शिफ्ट चालते आणि कामावर कसा पोचतो हे लिहायचो. मागची बाजू भाऊंची, आणि ती पेन्सिलने. ‘रा. ना.’ म्हणजे रात्रपाळी नाही. ‘उ. बो.’ म्हणजे उलट बोलतो. ‘दो. पा.’ म्हणजे दोघांना एकत्र पाठवा, एकटा गेला तर दुपारनंतर परत येतो. पेन्सिल का, असं विचारलं तर भाऊ म्हणायचे, “माणूस सुधारला तर खोडता आलं पाहिजे.” पुढे सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा ही मागची बाजू कुठल्या रकान्यात भरायची, ते विक्रेत्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पेटी अजून माझ्या टेबलाखाली आहे.

पहिला माणूस कामावर गेला तो भाऊंच्या स्कूटरवर मागे बसून. पुढे वाचनात आलं की, फ्रिट्स गोल्डश्मेडिंग यांनी १९६० मध्ये नेदरलँड्समध्ये रँडस्टॅड सुरू केली, तेव्हा त्यांनीही पहिल्या कर्मचाऱ्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं होतं, असं सांगतात. भाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बघ, आपण स्कूटरने सुरुवात केली.” या धंद्यातल्या बड्यांच्या जन्मकथा अशाच आहेत. १९४६ मध्ये डेट्रॉइटला रसेल केली टंकलेखन, हिशेब अशी कामं आपल्या कचेरीत करून द्यायचे, मग ग्राहक म्हणू लागले की काम कशाला, माणूसच पाठवा. १९४८ मध्ये मिलवॉकीत दोन वकिलांची सेक्रेटरी ऐन कोर्टाच्या कागदपत्रांच्या घाईत आजारी पडली, आणि त्या अडचणीतून मॅनपॉवर निघाली. पेटी, फोन आणि ओळख असली की धंदा उभा राहतो. म्हणूनच आज रँडस्टॅड, अडेको आणि मॅनपॉवर हे तिघे एकत्र धरले तरी जगातला बहुतांश बाजार इतरांकडेच उरतो. आत यायला दार मोकळं आहे. आत राहणं कठीण, कारण शेजारच्या टेबलावर कोण येऊन बसेल ते आपल्या हातात नाही.

आमच्या शेजारी ‘तो’ आला. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्यानेही आमच्याच वर्षी सुरुवात केली होती. पहिली काही वर्षं संबंध चांगले होते, त्याला वेल्डर कमी पडले तर आम्ही द्यायचो, आम्हाला पॅकर कमी पडले तर तो.

मग ग्राहकांकडे ऑर्डर देणारा माणूस बदलला. आधी सुपरवायझरचा फोन यायचा, उद्या सकाळी वीस पाठवा म्हणून. आता आमचं काम खरेदी खात्याकडे गेलं, म्हणजे नटबोल्ट, पुठ्ठ्याची खोकी आणि माणसं एकाच टेबलावर. आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाचं गोदाम होतं. आमची २१० माणसं बाहेर असायची, त्यातली १४० तिथे. (एकाच ग्राहकाकडे तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं ठेवू नका. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.) त्या खरेदी खात्याने ऑनलाइन उलटा लिलाव ठेवला. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी सुदैवी समजावं. स्क्रीनवर घड्याळ उलटं चालतं, दर खाली खाली जातो, शेवटच्या मिनिटाला कुणी बोली लावली की तीन मिनिटं वाढतात. आम्ही दोघं आणि हिशेबनीस एका मॉनिटरसमोर.

हिशेब साधा आहे. माणसाच्या हातात १०० पडायचे, तर वर निधी, विमा, भरपगारी सुट्या हे धरून १८. म्हणजे ११८ आपला खर्च. आमचा बिल रेट, म्हणजे ग्राहकाला लावायचा दर, १२६ होता. उरलेल्या आठात भरती करणाऱ्याचा पगार, फोन, भाडं, बँकेचं व्याज आणि मग काही राहिलंच तर आम्ही. लिलाव १२३ ला आला तेव्हा भाऊंनी चष्मा काढून ठेवला. १२१ ला ‘त्या’ने घेतला.

१२१ मध्ये बसतं कसं, हे धंद्यातल्या कुणालाही विचारा. एक तर माणूस वेडा, नाही तर तो पूर्ण १८ भरत नाही. गोदामात रॅकवर चढणारा माणूस विम्याच्या कागदावर कचेरीतला मदतनीस दाखवला की हप्ता खाली येतो. ओव्हरटाइम साध्या दराने दिला की आणखी खाली येतो. त्याच्याकडून आमच्याकडे आलेल्या पोरांच्या पगारचिठ्ठ्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या आहेत. कमी दराला माझा राग नाही. स्वतःचा खर्च दुसऱ्याच्या पाठीच्या मणक्यावर टाकून लावलेल्या दराला राग आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण त्याला १४० माणसं एकदम उभी करता येत नव्हती. तो झाला मास्टर व्हेंडर, म्हणजे मुख्य पुरवठादार, आणि ग्राहकाच्या सिस्टिममध्ये आम्ही त्याच्या खालचे पुरवठादार झालो. आमचीच माणसं, त्याच गेटवर, पण बिल त्याच्या नावाने. वरून आमच्या बिलातून ३ टक्के ‘प्लॅटफॉर्म शुल्क’ कापायचं. १२१ मधून ३ टक्के वजा केले की ११७.३७ उरतात. खर्च ११८. म्हणजे पगाराच्या दर १०० मागे ०.६३ आमच्या खिशातून. पोरांना घरी बसवण्यापेक्षा काही महिने सोसू, असं मीच म्हटलं. भाऊ नको म्हणत होते. हे त्यांच्या हयातीत मी कधी मोठ्याने कबूल केलं नाही, ते इथे करतो.

तोटा एवढासा, तो आम्हाला बुडवू शकला नसता. बुडवत होती ती तारीख. पूर्वी ग्राहक ३० दिवसांत पैसे द्यायचा. आता ग्राहकाने ‘त्या’ला द्यायचे, आणि करारात ओळ होती की त्याला मिळाल्यावर तो आम्हाला देणार. ७५ दिवस लागायला लागले. पगार दर आठवड्याला. म्हणजे जवळजवळ अकरा आठवड्यांचे १४० पगार सतत हवेत. बिल डिस्काउंटिंगला, म्हणजे येणाऱ्या बिलांवर आगाऊ पैसे उचलायला, बँकेत गेलो, तर अधिकारी म्हणाले, “तुमचा देणेकरी तो गोदामवाला नाही, हा मधला आहे. याच्या नावावर आम्ही पैसे सोडत नाही.” या धंद्यात काम वाढलं की आधी खड्डा वाढतो, हे नवीन पोरं ऐकतच नाहीत. हंगामात गोदामाने आणखी चाळीस मागितले तेव्हा आम्ही आनंदाने पाठवले. त्या महिन्यात भाऊंनी घराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे पगारात घातले.

अकराव्या महिन्यात ‘त्या’च्या कचेरीतून पत्र आलं, गेटपाससाठी सर्वांची नावं आणि फोन नंबर पाठवा. पाठवले. काय करणार, करारात होतं. पंधरा दिवसांत ४१ माणसांना फोन गेले: तेच काम, तेच गोदाम, हातात १०० ऐवजी १०२, फक्त ‘त्या’च्या नावावर यायचं. ४१ गेली. त्यांना मी दोष देत नाही, घर चालवायचं तर दोनही मोठेच. पण आमच्याच यादीवरून आमचीच माणसं! कार्डांच्या पुढच्या बाजूची नक्कल त्याला मिळाली. मागची मिळाली नाही. त्याने ‘रा. ना.’ वाल्यांना रात्रपाळी लावली आणि ‘दो. पा.’ ची जोडी फोडली. दुसऱ्या महिन्यात त्याची गैरहजेरी कुठे गेली, ते सुपरवायझरनेच मला सांगितलं.

त्या काळात आमचा एक छोटा ग्राहक होता. औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावणारं युनिट, बारा माणसं. तिथल्या मॅडम स्वतः टाइमशीटवर सही करायच्या, त्याच संध्याकाळी, प्रत्येक ओळ वाचून. एकदा आम्ही त्यांच्याकडे सहा चुकीची माणसं पाठवली होती. लेबलं तिरकी लागली. मी तीन तासांत माणसं बदलली आणि त्या दिवसाचं बिल लावलं नाही. पोरांचा पगार अर्थातच दिला. त्यावर त्या काहीच बोलल्या नव्हत्या. गोदामाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तेव्हा फोन आला.

“पुढच्या तीन महिन्यांचं बिल आजच पाठवा.”

“मॅडम, काम झालेलं नाही अजून.”

“होईल ना? मग पाठवा. आणि ती डावखुरी मुलगी मला कायम हवी, तिला कुठे हलवू नका.”

बारा माणसांचे तीन महिने म्हणजे १४० माणसांच्या एका आठवड्याहून थोडे जास्त. ‘त्या’ला काम सोडत असल्याची नोटीस दिली आणि तेवढ्यावर आम्ही नोटिशीचा काळ काढला. उरलेली माणसं गोदामातून काढून घेतली, आणि सहा आठवड्यांत त्यातली ६३ जण दुसरीकडे लावली. कुणाला कुठे पाठवायचं हे ठरवायला रात्री अकरापर्यंत पेटी उघडी असायची. भाऊ कार्ड काढायचे, मी फोन करायचो.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. माणसं पाठवली, बिलं केली, पैसे आले. २००८ ची मंदी आली. अशा वेळी तात्पुरती माणसं सगळ्यात आधी कमी होतात, आमचीही झाली. पुढे कायमची माणसं घ्यायला कंपन्या बिचकल्या तेव्हा आधी आमचाच फोन वाजला. २०२० मध्ये कचेऱ्या बंद आणि गोदामं दुप्पट. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

आता स्पर्धा अ‍ॅपशी आहे. माणूस फोनवर शिफ्ट बघतो, पसंत करतो, कामानंतर त्याला तारे मिळतात. मुलगी म्हणते आपणही करू. करू या. दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसलो आहे. काम मिळवून देण्यासाठी माणसाकडून पैसा घ्यायचा नाही, ‘नोंदणी’ म्हणून नाही आणि ‘गणवेश’ म्हणूनही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात हा नियम लिहिलेला आहे, तरी घेणारे घेतातच. दुसरी गोष्ट, शेजारी उभ्या असलेल्या कायमच्या माणसाहून आपल्या माणसाला कमी दर लावून काम मिळवायचं नाही. युरोपीय संघाने २००८ मध्ये समान वागणुकीचा निर्देशच काढला. असं असलं की भांडण दरावरून उठून माणूस किती लवकर आणि किती नेमका पाठवता यावर येतं, आणि तिथे आम्ही कुणाला भीत नाही. आणि टाइमशीटवर सही त्याच दिवशी घ्या. हेही कुणी विचारलेलं नाही.

‘त्या’ला पुढे एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. या धंद्यात हे चालतंच, अडेको स्वतः १९९६ मध्ये अदिया आणि एको या दोघांच्या विलीनीकरणातून झाली. त्याला रक्कम चांगली मिळाली म्हणतात. आम्ही माणसं काढून घेतली तेव्हा शेवटच्या चार आठवड्यांचं बिल त्याने ‘सेवा खंडित केली’ म्हणून अडवलं होतं. नोटीस दिलेली होती, पोच आमच्याकडे आहे. तीन पत्रं पाठवली, नव्या मालकांनाही एक पाठवलं. उत्तर नाही.

दर मार्चला हिशेबनीस ती रक्कम समोर ठेवतो आणि म्हणतो, साहेब, आता बुडीत खाती टाकू. दर मार्चला मी सांगतो, येणे बाकीतच राहू दे. यंदा मुलगीही त्याच्या बाजूने बोलली. राहू दे म्हटलं.