करार शेवटच्या पानापासून वाचताना

सोमवार

नोकरीचा करार हाती आला की नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते, आणि नोकरी परदेशातली असेल तर तो आकडा आपल्या चलनात किती होतो याचा हिशेब मनात मांडून होईपर्यंत बाकीची पाने नुसतीच चाळली जातात. व्हिएतनाममधील एका खासगी इंग्रजी भाषाकेंद्राने पाठवलेला मसुदा मी म्हणूनच आज उलट्या क्रमाने वाचला. आधी नोकरी संपवण्याचे कलम, मग भरपाईचे, मग परवान्याचे, त्यानंतर कामाचे तास आणि पगार सर्वांत शेवटी. मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पगार थकू लागला किंवा ठरल्यापेक्षा वेगळेच काम गळ्यात पडले, तर माझी मूळ कागदपत्रे आणि केलेल्या कामाचा पूर्ण पगार घेऊन मला तिथून बाहेर पडता येईल का?

अकराव्या कलमात त्याचे उत्तर आहे आणि ते मला अस्वस्थ करणारे आहे. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास व्हिसा, परवाना व प्रशिक्षण यांचा संपूर्ण खर्च आणि त्याशिवाय एक महिन्याचा पगार शिक्षकाने केंद्राला द्यावा, आणि ही रक्कम शेवटच्या पगारातून कापून घेण्यात येईल, असे त्यात लिहिले आहे. संपूर्ण खर्च म्हणजे किती, हे कुठेही नाही. नोकरी कोणत्या कारणाने सोडली याचाही विचार नाही. पगार मिळाला नाही म्हणून सोडली काय आणि दुसरी नोकरी मिळाली म्हणून सोडली काय, कलमाच्या लेखी दोन्ही सारखेच.

व्हिएतनामची २०१९ ची श्रमसंहिता १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. रात्री तिचे इंग्रजी भाषांतर उघडून मी या कलमाशी ताडून पाहिले. बारा ते छत्तीस महिन्यांच्या मुदतीच्या करारात कामगाराला ३० दिवस आधी सूचना देऊन नोकरी सोडता येते आणि त्यासाठी कारण सांगण्याचे बंधन नाही. पगार पूर्ण किंवा वेळेवर मिळाला नाही, ठरलेले काम किंवा कामाचे ठिकाण दिले गेले नाही, मारहाण, अपमान वा लैंगिक छळ झाला, तर सूचनेचीही गरज उरत नाही. सूचना न देता बेकायदा नोकरी सोडली तरी भरपाई ठरलेली आहे: अर्ध्या महिन्याचा पगार, जितके दिवस सूचना दिली नाही तितक्या दिवसांचा पगार, आणि प्रशिक्षणाचा खर्च. प्रशिक्षणासाठी मालकाने पैसे घातले असतील तर त्याचा वेगळा लेखी करार करावा लागतो, आणि त्यात खर्च व परतफेडीची जबाबदारी नमूद असावी लागते. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात जुन्या शिक्षकांचे वर्ग मागे बसून पाहायला लावणे याला कोणी प्रशिक्षण म्हणत असेल, तर त्याचा खर्च माझ्या माथी मारण्याआधी तो कागदावर मांडून दाखवावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

शेवटच्या पगारातून कापून घेण्याची गोष्ट तर कायद्याच्या अगदी विरुद्ध जाते. पगारातून कपात करता येते ती मालकाच्या साधनांचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले असेल तर, आणि तीही महिन्याच्या निव्वळ पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंतच. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून दंड करणे किंवा पगार कापणे यालाही बंदी आहे. तरीही मसुद्याच्या सातव्या कलमात उशिरा येण्याच्या दंडाचे कोष्टक दिलेले आहे.

बुधवार

केंद्राकडून आज उत्तर आले. ते सौजन्याने लिहिलेले आहे, पण त्याने माझे समाधान झाले नाही. हा नेहमीचाच मसुदा आहे, सगळे शिक्षक यावरच सही करतात आणि अकरावे कलम आजवर कोणावरही वापरण्याची वेळ आलेली नाही, असे त्यात म्हटले आहे. ज्या कलमाची गरजच पडत नाही ते काढून टाकायला अडचण कसली, असे मी उलट विचारले आहे. ज्या माणसाने मला हे आश्वासन दिले तो वर्षभर त्या खुर्चीवर असेलच याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. कागद मात्र त्याच्या जागी येणाऱ्याच्या हातात तसाच राहतो.

उत्तरातील दुसऱ्या एका वाक्याने मला अधिक काळजीत टाकले. सत्र लवकर सुरू होणार असल्याने पर्यटक व्हिसावर येऊन शिकवायला लागावे, काम करण्याचा परवाना पुढे यथावकाश काढता येईल, असे त्यांनी सुचवले आहे. या एका बाबतीत मी कोणतीही तडजोड करणार नाही. परवान्याशिवाय काम करताना आढळलेल्या परदेशी व्यक्तीला तिथल्या नियमांनुसार दीड ते अडीच कोटी डाँग (तिथले चलन) इतका दंड होऊ शकतो आणि देशाबाहेर काढले जाते. दंड मालकालाही होतो हे खरे, पण मालकाला देश सोडावा लागत नाही. शिवाय परवान्याविना शिकवणारी शिक्षिका थकलेल्या पगाराची तक्रार कोणाकडे नेणार? तक्रार करायची तर आधी आपणच बेकायदा काम करत होतो हे सांगावे लागेल. श्रमसंहितेने दिलेले जे हक्क मी सोमवारी इतक्या बारकाईने वाचले, ते सगळे या एका तडजोडीने हातचे जातात.

परवान्याच्या कलमाशी जोडलेली आणखी एक बाब आज लक्षात आली. परवाना मिळाल्यानंतर आणि कामावर रुजू होण्यापूर्वी लेखी करार व्हावा लागतो. म्हणजे आता ज्या कागदावर माझी सही मागितली जात आहे तो आणि परवान्यानंतर जो करार होईल तो, हे दोन वेगळे कागद असू शकतात, आणि दुसऱ्या वेळी मी तिथे पोहोचलेली, घर घेतलेली, माघारी फिरायला अवघड अशा स्थितीत असेन. दोन्हींतील अटी एकच राहतील आणि फरक पडल्यास शिक्षकाला अनुकूल अट लागू होईल, असे एक वाक्य मी मागितले आहे. करार दोन भाषांत आहे आणि वाद झाल्यास व्हिएतनामी मजकूर ग्राह्य धरला जाणार आहे. म्हणून त्या मजकुराची प्रतही मागितली आहे. ती मी तिथली भाषा जाणणाऱ्या तिऱ्हाईत व्यक्तीकडून वाचून घेईन.

परवाना एका मालकापुरता, एका पदापुरता आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. मालक बदलायचा तर नवा परवाना काढावा लागतो. हा प्रश्न व्हिएतनामपुरता नाही. दक्षिण कोरियात ई-२ या परदेशी भाषाशिक्षकांसाठीच्या व्हिसावरील शिक्षकाला मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या संस्थेत जायचे असेल तर सामान्यतः आधीच्या मालकाचे संमतिपत्र लागते, आणि ते पत्र देणे न देणे ही मालकाच्या हातातली मोठीच सत्ता ठरते. तिथे एक वर्ष पूर्ण केल्यावर सुमारे एका महिन्याच्या पगाराइतकी सेवासमाप्ती रक्कम मिळते; म्हणूनच अकरा महिन्यांचा करार पुढे आला की जाणकार शिक्षक सावध होतात. जपानमध्ये वास्तव्याचा दर्जा शिक्षकाच्या स्वतःच्या नावावर राहतो आणि मालक बदलल्यास चौदा दिवसांत कळवावे लागते. करारभंगासाठी आधीच रक्कम ठरवून ठेवण्यास तिथला १९४७ चा श्रममान कायदा मनाई करतो. माझ्यासमोरचे अकरावे कलम तिथे उभेच राहिले नसते.

शुक्रवार

आईला हा पत्रव्यवहार पसंत नाही. "अगं, एवढे प्रश्न विचारत बसलीस तर ते दुसरीला घेतील," असे ती जेवताना म्हणाली. तिची भीती खोटी नाही, आणि तसे झाले तर मला वाईट वाटेलच, कारण शिकवण्याचे काम मला मनापासून हवे आहे. पण कलमाविषयी विचारलेला साधा प्रश्न ज्या संस्थेला खपत नाही, ती संस्था पगार का आला नाही या प्रश्नाला काय उत्तर देईल, हे मी तिला विचारले. त्यावर ती काही बोलली नाही. मात्र रात्री तिने स्वतःच मसुदा मागून घेतला आणि चष्मा लावून दोन पाने वाचली, आणि कामाच्या तासांच्या कलमावर बोट ठेवून विचारले, "यात सुट्टीचा वार कुठे लिहिलाय?"

तो लिहिलेलाच नाही. आठवड्याला बावीस अध्यापन तास आणि व्यवस्थापन सांगेल ती इतर कामे, एवढेच ते कलम आहे. पूर्वी तिकडे तीन ठिकाणी शिकवून आलेल्या एका ताईंशी आज याच विषयावर तासभर बोलणे झाले. त्यांच्या मते भाषाकेंद्रातील बहुतेक भांडणांचे मूळ या एका ओळीत असते, आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकून मलाही तसेच वाटते. अध्यापन तास साठ मिनिटांचा की पंचेचाळीस मिनिटांचा? पंचेचाळीस मिनिटांच्या दोन तासिका मिळून एक तास धरणारी केंद्रे त्यांनी पाहिली आहेत. विद्यार्थी न आल्यामुळे वर्ग रद्द झाला तर तो तास मोजायचा की नाही? मुले शाळेतून सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी वर्ग भरतात, त्यामुळे सकाळचा एक वर्ग आणि संध्याकाळचे दोन यांच्यामधले रिकामे तास केंद्रातच बसून काढायचे का? त्यात पाठाची तयारी, वह्या तपासणे, प्रगतिपत्रके लिहिणे, नव्या पालकांना दाखवण्यासाठीचे नमुना वर्ग आणि केंद्राच्या जाहिरातीसाठी छायाचित्रांना उभे राहणे हे सारे इतर कामांत येते. बावीस तासांच्या नोकरीचे पंचेचाळीस तास होतात ते असे, आणि कागदावर मात्र कुठेही खोटे लिहिलेले नसते.

कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आहे. त्यापुढील कामाला नेहमीच्या दिवशी किमान १५० टक्के, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी २०० टक्के आणि सणाच्या सुट्टीला ३०० टक्के मोबदला आहे. पण तास मोजण्याची रीतच ठरलेली नसेल तर जादा काम कुठून सुरू झाले हे सिद्ध करता येत नाही. म्हणून मी टक्केवारीवर वाद घालण्यापेक्षा मोजणीवर अडून बसायचे ठरवले आहे: केंद्रात उपस्थित राहण्याचे एकूण तास, एका तासिकेची मिनिटे, रद्द झालेल्या वर्गाचा नियम आणि सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, हे लिहून हवे.

परिवीक्षेचा, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीचा, काळ मसुद्यात तीन महिने आणि त्या काळात पगार ७० टक्के आहे. पदवीधर पात्रतेच्या कामासाठी कायद्याची कमाल मुदत ६० दिवसांची आहे आणि पगार किमान ८५ टक्के. इथे चर्चेचा प्रश्नच नाही, दुरुस्ती एवढीच हवी.

ताईंचा आणखी एक सल्ला मी मानणार आहे. केंद्र देऊ करते ती सदनिका घेऊ नये. घरभाडे भत्ता रोख घ्यावा आणि भाडेकरार स्वतःच्या नावाने करावा. जपानमधली नोव्हा ही तेव्हाची सर्वांत मोठी इंग्रजी संभाषण शाळांची साखळी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये कोसळली तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले, आणि कंपनीच्या घरांत राहणाऱ्या अनेकांच्या लक्षात आले की पगारातून कापलेले भाडे घरमालकापर्यंत पोहोचलेलेच नव्हते. पगार आणि डोक्यावरचे छप्पर एकाच वेळी जाण्याची पाळी त्यांच्यावर आली. तेव्हापासून इतकी वर्षे लोटली तरी सदनिका मोफत हे शब्द करारात लाभ म्हणूनच वाचले जातात.

रविवार

सुधारणांचे पत्र आज पाठवले. पगाराच्या आकड्याबद्दल त्यात एकच प्रश्न आहे, तो म्हणजे ही रक्कम करापूर्वीची की हातात येणारी. निवासी नसलेल्यांना सरसकट २० टक्के आणि १८३ दिवसांचा वास्तव्याचा निकष पूर्ण करणाऱ्यांना ५ ते ३५ टक्के चढत्या दराने कर लागतो. वर्षाचा किंवा त्याहून मोठा करार असल्याने निवृत्ती निधीचे ८ टक्के आणि आरोग्य विम्याचा दीड टक्काही माझ्या वाट्याला येईल. मोघम आकड्यावर महिन्याचा खर्च बेतता येत नाही.

मूळ पदवी प्रमाणपत्र परवान्याच्या कामासाठी लागेल हे मला मान्य आहे, पण ते ज्याच्या हाती दिले त्याची सही असलेली पोच आणि परत मिळण्याची तारीख मी मागितली आहे. पासपोर्टही तसाच. ओळखपत्रे व पदव्यांच्या मूळ प्रती ताब्यात ठेवणे किंवा नोकरीची हमी म्हणून अनामत रक्कम मागणे या दोन्ही गोष्टींना तिथल्या कायद्याने मालकाला मनाई आहे. पत्रात तसा उल्लेख मी कोणताही आरोप न करता, कलमाच्या क्रमांकासह केला.

संध्याकाळी त्रोटक उत्तर आले. परिवीक्षा आणि तासांची मोजणी त्यांनी मान्य केली, दंडाचे कोष्टक काढून टाकायलाही ते तयार आहेत. अकराव्या कलमात खर्चाची कमाल रक्कम लिहू, पण कपातीची अट राहील, असे म्हणतात. मी पुन्हा लिहिले आहे की मालकाकडून पगार थकल्यास, करारातील काम बदलल्यास किंवा परवाना न मिळाल्यास शिक्षकाकडून कोणतीही भरपाई घेतली जाणार नाही, हे वाक्य आत आले आणि कपातीची अट बाहेर गेली तरच सही होईल. उत्तरासाठी त्यांनी बुधवारपर्यंतची मुदत मागितली आहे. विमानाचे तिकीट परवान्याची प्रत हातात आल्यानंतरच काढायचे, हे आज आईलाही पटले.