डायलॉगची वही, 1985 ते 93: अपडेट तिसरा

तर मंडळी, जुन्या मराठी सिनेमांच्या डायलॉगची माझी वही 64 एन्ट्रींवर पोचली. नियम तोच, आठवणीतून काही लिहायचं नाही, सीन लावायचा, ऐकायचं, मगच उतरवायचं.

या महिन्यात सगळा वेळ 'अशी ही बनवाबनवी'नेच खाल्ला (1988, डायलॉग वसंत सबनीसांचे). आधी मी फक्त फेमस लाईन लिहायचो. 'धनंजय माने इथेच राहतात का?' असं लिहिलं आणि दोन दिवसांनी परत वाचलं तर नुसतं पत्ता विचारल्यासारखं, हसू कशाला येईल! याउलट 'सत्तर रुपये वारले' कागदावरही चालतं, पण त्याच्याआधी सुधीर जोशींचा तो घरमालक, डायबेटिसचं इस्रायलचं औषध, मग पैशांची चौकशी, हे सगळं आलं तर अशोकमामांचा (अशोक सराफ) तो निर्विकार चेहरा डोळ्यासमोर येतो. म्हणून आता प्रत्येक एन्ट्रीला आधीचं वाक्यपण लिहितोय, जुन्या 40 परत कराव्या लागल्या, असो.

'हा माझा बायको पार्वती' मोबाईलवर टाईप करताना कीबोर्ड तीनदा 'ही माझी' करायला निघाला होता. अरे बाबा, त्या 'हा'मध्येच तर सगळी गंमत आहे, साडीतला लक्ष्या समोर उभा आणि मामांची जीभ खरं बोलून जाते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते 'धूमधडाका'तल्या (1985) अशोकमामांच्या यदुनाथ जवळकरच्या पाईपवाल्या ठसक्याने. 'व्याख्या विखी वुखू' की 'विख्खी वुख्खू'? अर्ध्या स्पीडवर ऐकलं तर नुसता खोकला ऐकू येतो. माझ्याकडे तीन स्पेलिंगं झालीत, तिन्ही ठेवलीत. हा डायलॉग आहे का, हाच वाद घरी झाला. माझ्या मते आहे, कारण लोक अजून पाठ म्हणतात.

महेश कोठारेंच्या 'डॅम इट'ला मात्र वेगळं पान नाही, तो इतक्या ठिकाणी येतो की शेवटी समासात नुसत्या रेघा मारतोय.

पुढे 'झपाटलेला' (1993). तात्या विंचूचा 'ओम फट् स्वाहा' सगळ्यांना येतो, पण त्याच्याआधीचा अख्खा मंत्र अक्षर न अक्षर उतरवायचाय. हेडफोन लावूनच बसणार, घरातल्यांनी आत्ताच सांगितलंय की मोठ्या आवाजात लावायचं नाही.