कुकर फुटून आई भाजली, मग ग्राहक आयोगात केस केली : माझा अनुभव

आधी सगळ्यात कामाचं सांगतो. घरातली कुठलीही वस्तू फुटून, पेटून, शॉक बसून कुणाला इजा झाली तर ती वस्तू परत द्यायची नाही. दुकानदार नवीन देतो म्हणाला, वर दोन पैसे जास्त देतो म्हणाला तरी नाही. आमची केस शेवटपर्यंत टिकली ती त्या फुटक्या कुकरमुळेच, तो हातातून गेला असता तर आमच्याकडे फक्त बिल आणि आईचा भाजलेला हात उरला असता आणि समोरचा म्हणाला असता की काय झालं ते कुणाला माहीत.

आम्ही इंदिरानगरला राहतो. ५ लिटरचा कुकर मी गावातल्या एका भांड्याच्या दुकानातून घेतला होता, पक्कं बिल माझ्या नावाचं, वर्षही झालं नव्हतं. त्या दिवशी आईने डाळ लावली, बराच वेळ शिट्टी होईना म्हणून तिने गॅस बंद करायला हात पुढे केला आणि तेवढ्यात झाकण उडालं. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू. बायकोने तिचा हात लगेच नळाखाली धरला आणि चांगला वीस मिनिटं धरून ठेवला, शेजारच्या काकू हळद आणि टूथपेस्ट घेऊन आल्या होत्या त्यांना हात जोडून थांबवलं. नंतर डॉक्टर म्हणाले की पाण्याखाली धरलं ते फार चांगलं केलं, आणि वर काही लावलं नाही ते पण.

हॉस्पिटलमध्ये एक गोष्ट नीट बघा. भाजलेला पेशंट म्हणून एमएलसी झाली, म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांना कळवून नोंद केली, पोलिसांनी आईचा जबाब घेतला, त्याला घाबरायचं काही कारण नाही, उलट तो कागद पुढे आपल्याच कामाला येतो. पण केसपेपरवर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी नुसतं ‘वाफेने भाजले’ असं लिहिलं होतं. मी विनंती केली की साहेब, कुकरचं झाकण उडून भाजलंय, तसं लिहा. त्यांनी लिहिलं. वाफेने तर भाताचं झाकण उघडतानाही भाजतं, त्यामुळे या एका ओळीला केसमध्ये खूप वजन आलं. हाताचे फोटो रोज ड्रेसिंगच्या वेळी काढले, औषधांची बिलं, रिक्षाभाडं, सगळं एका फाइलला.

घरी बाबा किचन पुसायला लागले होते, त्यांना म्हटलं काहीच हलवू नका. छताला डाळ उडालेली, शेगडीचा स्टँड वाकलेला, झाकण कुठे पडलं, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ घेतले, मग कुकर, झाकण, शिट्टी, रबर सगळं न धुता एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवलं. त्यात एक गोष्ट तेव्हाच डोळ्यात भरली होती, झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जसाच्या तसा होता. आता कुकरचं काम कसं चालतं बघा, शिट्टीच्या नळीत डाळीचा फेस अडकला तर वाफेला जायला जागा राहत नाही, दाब वाढत जातो, आणि नेमकं अशा वेळेसाठीच तो व्हॉल्व्ह असतो, तो सुटून वाफ बाहेर गेली पाहिजे. इथे झाकण उडालं पण व्हॉल्व्ह सुटलाच नाही.

दुकानदार भला बोलला, म्हणाला दादा, घेऊन या, बदलून देतो, कंपनीला पाठवतो. मी म्हटलं दाखवायला आणतो पण सोडणार नाही. मग त्याचा सूर बदलला, मी फक्त विकतो, बनवत नाही, काय ते कंपनीशी बोला.

कुकरवर आयएसआय मार्क होता आणि खाली सीएमएल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. हा मार्क देणारी सरकारी संस्था म्हणजे बीआयएस, भारतीय मानक ब्यूरो, त्यांचं बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला तर अशी नोंदच नाही. म्हणजे मार्क खोटा. घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याशिवाय बनवता येत नाही, विकताही येत नाही, आणि २०२२ मध्ये असे प्रमाणपत्र नसलेले कुकर विकू दिले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांनासुद्धा लाख लाख रुपये दंड लावलाय. हे वाचल्यावर मात्र मला राग आला, खरंच आला. माझी आई चाळीस वर्षं कुकर लावतेय आणि दुकानदार म्हणतो मावशींनी नीट लावला नसेल.

ग्राहक पंचायतीत काम करणारे एक काका भेटले, त्यांनी कायदा समजावला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एक आख्खं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७, सदोष वस्तूमुळे इजा झाली तर जबाबदार कोण यावर. बनवणाऱ्याने निष्काळजीपणा केला हे आपल्याला सिद्ध करावं लागत नाही. वस्तू बनवताना दोष राहिला, डिझाइनच चुकीचं होतं, किंवा कसं वापरायचं, काय करायचं नाही याची पुरेशी सूचनाच दिली नाही, यातलं एक जरी दाखवलं आणि त्यामुळेच इजा झाली हे दाखवलं की बनवणारा जबाबदार. फॅक्टरीत कोण काय करत होतं हे तुम्ही आम्ही कुठून आणणार, म्हणून ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

आणि विकणारा? त्याच्यासाठी कलम ८६. साधारण परिस्थितीत दुकानदार सुटू शकतो, पण बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल किंवा त्याला नोटीस पोचवता येत नसेल तर जबाबदारी दुकानदारावर येते. आम्ही दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. खोक्यावर परराज्यातला पत्ता होता, तिकडून पाकीट परत आलं, तिथे असं कुणी राहत नाही असा शेरा मारून. ते पाकीट उघडू नका, तसंच ठेवा, काका म्हणाले हाच तुमचा पुरावा. तेच झालं.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर टाकली. जिथे आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात करता येते, कंपनीच्या गावाला जायची गरज नाही. फी शून्य, कारण फी वस्तूच्या किमतीवर ठरते, ५ लाखांपर्यंत काहीच नाही, भरपाई तुम्ही कितीही मागा. मुदत घटनेपासून २ वर्षं. वकील लागतोच असं नाही, आम्ही मराठीतच लिहिली, प्रतिज्ञापत्र कोर्टाबाहेर नोटरीकडून करून घेतलं. काकांनी मागण्या दोन भागांत करायला सांगितल्या, कारण कायद्याने ‘इजा’ म्हणजे शरीराचं नुकसान, मानसिक त्रास, घरातल्या दुसऱ्या वस्तूंचं नुकसान हे येतं पण त्या सदोष वस्तूची स्वतःची किंमत त्यात येत नाही. म्हणून कुकरचे पैसे सदोष माल म्हणून वेगळे मागितले आणि आईच्या इजेची भरपाई वेगळी.

दुकानदाराचा वकील तयारीचा होता. पहिला मुद्दा, बिल मुलाच्या नावाने, तक्रार आईची, ती ग्राहकच नाही. हे टिकलं नाही, कारण विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो वापरतो तोही कायद्याने ग्राहकच. दुसरा मुद्दा जास्त त्रासाचा, की यांनी डुप्लिकेट रबर लावलं, काठोकाठ डाळ भरली, म्हणजे वस्तूचा गैरवापर. गैरवापर झाला असेल तर कलम ८७ प्रमाणे खरंच समोरचा सुटतो, त्यामुळे हा मुद्दा हलक्यात घ्यायचा नसतो. पण रबर आमच्या खोक्यात होतं आणि त्यावर त्याच कंपनीचं नाव होतं, आणि डाळ किती होती ते छताच्या आणि ओट्याच्या फोटोंवरून बऱ्यापैकी कळत होतं. आई स्वतः आयोगापुढे बोलली, किती वाट्या डाळ, किती पाणी, पट्टी झालेल्या हातानेच माप दाखवत. मला बाजूला उभं राहून ते बघवत नव्हतं.

मग आम्ही कुकर लॅबला पाठवायची मागणी केली. आयोगासमोर तो सील झाला, लॅबचे पैसे आम्हाला भरावे लागले. रिपोर्ट ४५ दिवसांत यायला हवा आणि तपासणी असलेली केस ५ महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो, आमचं त्याहून बरंच लांबलं, तारखा पडत गेल्या, त्याचा मानसिक त्रास वेगळाच, वयस्कर माणसाला तर फारच. काही तारखा व्हिडिओवर झाल्या ते बरं झालं. रिपोर्टमध्ये आलं की व्हॉल्व्ह ज्या दाबाला सुटायला पाहिजे त्याच्या कितीतरी वर गेला तरी सुटत नाही. त्यानंतर युक्तिवादात फारसं काही उरलं नाही.

आदेश आईच्या बाजूने झाला. कुकरची किंमत, उपचाराचा सगळा खर्च, मानसिक त्रासाची रक्कम आणि केसचा खर्च, सगळं दुकानदाराने द्यायचं. मागितली होती त्यापेक्षा भरपाई कमी मिळाली, मला ती कमीच वाटते, मानेवरचा डाग अजून आहे. दुकानदार राज्य आयोगात अपिलाला जाईल असं वाटत होतं, पण अपिलाला ४५ दिवसांची मुदत आणि आधी निम्मी रक्कम भरावी लागते, तो गेला नाही. पैसे आईच्या खात्यावर आले. नसते दिले तर वसुलीचा अर्ज होता आणि कलम ७२ खाली तुरुंगवासापर्यंत कारवाई होऊ शकते.

आता माझा जीव अडकलाय तो त्या दुकानातून गेलेल्या बाकीच्या कुकरमध्ये. बीआयएसकडे ॲपवरून तक्रार केली आहे, खोटा आयएसआय मार्क हा २०१६ च्या बीआयएस कायद्याखाली गुन्हा आहे. आणि धोकादायक माल बाजारातून परत मागवायचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला आहे, ती तक्रार जिल्हाधिकाऱ्यांमार्फतही करता येते, म्हणून आयोगाच्या आदेशाची आणि लॅब रिपोर्टची प्रत जोडून कलेक्टर ऑफिसला अर्ज दिलाय, त्यात दुकानदाराने हा माल कुणाकुणाला विकला त्याची बिलं तपासून लोकांना कळवावं अशी मागणी केली आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, पुढच्या आठवड्यात परत जाऊन विचारणार आहे. तोपर्यंत ज्यांनी नवीन नाव असलेला स्वस्तातला कुकर घेतलाय त्यांनी त्याच्यावरचा नंबर ॲपमध्ये टाकून बघा, नोंद निघाली नाही तर तो गॅसवर चढवू नका आणि फेकूनही देऊ नका.