प्लास्टिकच्या डब्यामुळे स्पर्म काउंट कमी होतो का?

मी सीमेन, म्हणजे वीर्य तपासून त्यातल्या स्पर्मचा (शुक्राणूंचा) काउंट सांगणाऱ्या लॅबमध्ये काम करतो, आणि रिपोर्ट हातात पडला की बरेच जण काउंटरपाशी रेंगाळून हळू आवाजात विचारतात, "रोज प्लास्टिकच्या डब्यातून जेवतो, त्यानेच झालं असेल का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, त्याला मऊ करायला सहसा काही घालावं लागत नाही. संशय आहे तो थॅलेट्सवर, पीव्हीसी नावाचं प्लास्टिक मऊ करणाऱ्या तेलकट केमिकलवर. डायनिंग टेबलवरचं पारदर्शक कव्हर बघा, नवीन असताना कसं लुसलुशीत असतं आणि काही वर्षांत कडक होऊन कडा वर वळतात. थॅलेट प्लास्टिकला घट्ट बांधलेलं नसतंच, ते हळूहळू सुटतं, घरातल्या धुळीत जातं, गरम तेलकट पदार्थ लागला तर त्यात उतरतं. रेक्झिन, रेनकोट, सलाईनची नळी, बऱ्याच ठिकाणी तेच, आणि डिओ-परफ्यूममध्ये त्याचाच एक भाऊ.

गाभण उंदरांना हे भरपूर दिलं तेव्हा पोटातल्या नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घटलं, काहींचे अंडकोष खाली उतरलेच नाहीत. माणसांत २००५ साली अमेरिकेत शाना स्वान यांच्या टीमला दिसलं की गरोदरपणात ज्या आयांच्या लघवीत काही थॅलेट्स जास्त होते त्यांच्या मुलांचं गुदद्वार ते लिंग हे अंतर कमी भरलं, आणि हे अंतर बाळ पोटात असतानाच्या टेस्टोस्टेरॉनवर बरंचसं ठरतं. नाजूक काळ साधारण आठवा ते चौदावा आठवडा, म्हणजे घरात नुकतं कुठे कळलेलं असतं. म्हणून मला मनापासून वाटतं की हा प्रश्न नवऱ्याच्या डब्यापेक्षा बायकोच्या पहिल्या तीन महिन्यांचा जास्त आहे, आणि तिला हे कुणीच सांगत नाही! तेवढे महिने नवीन व्हिनाइल (पीव्हीसीचं) फ्लोअरिंग नको, परफ्यूम नको, ओल्या फडक्याने धूळ पुसा, गरम भाजी स्टीलमध्येच ठेवा.

मोठ्या पुरुषांत लघवीतले थॅलेट्स आणि कमी काउंट यांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत नाही, त्यामुळे तुमचा रिपोर्ट त्यानेच बिघडला असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो आकडा २०१७ च्या अभ्यासातला, पाश्चात्य देशांत १९७३ ते २०११ मध्ये स्पर्मचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं हे खरं, पण कशामुळे हे त्यात तपासलेलंच नव्हतं. तेव्हा आधी व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा, आहे का ते डॉक्टरांना दाखवून घ्या, तंबाखू-गुटखा सोडा, मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा.

प्लास्टिकही कमी कराच, कारण थॅलेट्स शरीरातून एक-दोन दिवसांत बरेचसे निघून जातात, फक्त आपण रोज नव्याने घेत राहतो. नवीन स्पर्म तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून पुढची टेस्ट तीन महिन्यांनी करा, आणि येताना आधी दोन ते सात दिवस वीर्य बाहेर गेलेलं नाही एवढा गॅप ठेवूनच या.